राउटरचा पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’च ठेवा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. नेट स्लो आहे? कंपनीला फोन करत बसू नका, अशी सुरुवात आहे. पुढचं थोडक्यात सांगते. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, हा कंपनीचा सर्व्हर आहे. युजर अ‍ॅडमिन, पासवर्ड अ‍ॅडमिन टाकून आत जा. रिमोट मॅनेजमेंट चालू करा, फायरवॉल (बाहेरून येणारं नको ते अडवणारी भिंत) बंद करा, स्पीड दुप्पट होतो. पासवर्ड मात्र बदलायचा नाही, कारण कंपनीचे इंजिनिअर त्याच पासवर्डने आत येऊन लाईन दुरुस्त करतात, बदललात तर कनेक्शन बंद. आणि एवढं करूनही जमलं नाही तर मोबाईलवर एनीडेस्क (तुमची स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं अ‍ॅप) टाकून कस्टमर केअरला कोड सांगा. खाली लिहिलंय, टेलिकॉममधल्या माणसाने सांगितलंय, सगळ्यांना पाठवा.

टेलिकॉममध्ये मी आहे. १२ वर्षं नॉकमध्ये काम करते, म्हणजे जिथे बसून अख्ख्या नेटवर्कवर लक्ष ठेवतात ती जागा, आणि दुसऱ्या गावातल्या उपकरणात इथून लॉगिन करणं हे माझं रोजचं काम आहे. मेसेज पहिल्यांदा आला तेव्हा सोडून दिला. मग मंगळवारी संध्याकाळी कराडहून मामांचा फोन आला.

मामांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. दुकानाचे कॅमेरे घरून दिसावेत म्हणून त्यांनी लोकल फायबरवाल्याकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा स्वतःचा पत्ता, घेतलेला आहे. "अगं ते मेसेजमधलं सगळं केलं बघ रविवारी, पण स्पीड तर तेवढाच आहे आणि आता बँकेची साईट उघडली की लाल पट्टी येतीय, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणून." मामी मागून ओरडत होत्या की मी म्हटलं पुढे जाऊ नका. मामी होत्या म्हणून पैसे वाचले, हे मी अगदी सरळ लिहिते.

व्हिडिओ कॉल लावला, मामांना कॉम्प्युटरच्या स्क्रीनसमोर फोन धरायला लावला आणि राउटरचा सिस्टीम लॉग उघडायला सांगितला. रविवारी दुपारी २ वाजून १० मिनिटांनी रिमोट मॅनेजमेंट चालू झाल्याची नोंद. २ वाजून ३३ मिनिटांनी बाहेरच्या एका आयपीवरून पहिला लॉगिन फेल. टाकलेलं युजरनेम रूट. मग सपोर्ट. मग युजर. मग अ‍ॅडमिन, आणि त्या ओळीपुढे सक्सेस. मामांनी चष्मा वर करून ती ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, "हा कोण?" डीएनएसच्या रकान्यात फायबरवाल्याने दिलेले आकडे नव्हतेच, दुसरेच कुठले तरी होते. म्हणजे दुकानातून बँकेचं नाव टाकलं की ते नाव कुठल्या पत्त्यावर न्यायचं हे त्या परक्या माणसाचा सर्व्हर ठरवत होता. २३ मिनिटांत. आणि त्या माणसाने मामांना निवडलं वगैरे काही नाही, हे काम करणारे प्रोग्राम इंटरनेटवरचा एकेक पत्ता ठोठावत चोवीस तास फिरत असतात.

आता मुद्दे. पहिले दोन पटकन उरकते कारण खरं भांडण तिसऱ्याशी आहे.

१९२.१६८.१.१ हा कंपनीचा सर्व्हर नाही. तो तुमच्याच घरातल्या डब्याचा, म्हणजे राउटरचा, आतला पत्ता आहे. १९९६ पासून हे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेत, बाहेरच्या इंटरनेटवर ते चालतच नाहीत. प्रत्येक सोसायटीत १०१ नंबरचा फ्लॅट असतो तसं आहे, तुमचा १०१ वेगळा, माझा वेगळा.

रिमोट मॅनेजमेंटने स्पीड वाढत नाही. दुप्पट नाही, अर्धा टक्काही नाही. ते सेटिंग फक्त एवढंच करतं की राउटरचं लॉगिनचं पान, जे एरवी घरातूनच उघडतं, ते बाहेरूनही उघडायला लागतं. तुमचा स्पीड ठरतो कंपनीकडच्या उपकरणात तुमच्या प्लॅनचा जो आकडा भरलेला असतो त्यावर, आणि मग फायबरमधून प्रकाश किती पोचतोय, वायफायची रेंज कशी आहे, त्या भागात एका फायबरवर किती घरं आहेत यावर. घराच्या डब्यात शिरून प्लॅन बदलता आला असता तर प्लॅन विकले कशाला असते?

इथे काही जण म्हणतील, आम्ही तर चालू केलं, आम्हाला काही झालं नाही. बरोबर आहे, आणि हे मला कबूल करावं लागतंय. बऱ्याच घरगुती कनेक्शनना आता स्वतःचा पब्लिक आयपी मिळतच नाही, कंपनी एका पब्लिक पत्त्यामागे बऱ्याच ग्राहकांना बसवते. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता १०० पॉइंट ६४ ते १०० पॉइंट १२७ यामध्ये सुरू होत असेल तर तुम्ही तसे आहात. मग बाहेरच्या माणसाला तुमचं दार आयपीव्ही४, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पत्त्यावरून, सहज सापडत नाही. पण त्याच कंपनीच्या नेटवर्कमधल्या दुसऱ्या ग्राहकाकडून सापडू शकतं, आणि आयपीव्ही६, म्हणजे नवीन पद्धतीचे पत्ते, चालू असेल, जे हल्ली खूप ठिकाणी असतं, तर फायरवॉल बंद केल्यावर घरातला टीव्ही आणि कॅमेरासुद्धा उघड्यावर येऊ शकतात. मामांसारखा स्टॅटिक आयपी ज्यांनी घेतलाय, दुकानदार, दवाखाने, क्लासवाले, त्यांना हे कुठलंच आडोशाचं कारण लागू नाही.

आता तो मुद्दा ज्यासाठी मी रात्रपाळी संपवून न झोपता लिहायला बसले. पासवर्ड बदलू नका, कंपनीला लागतो.

साफ खोटं आहे. तुमच्या राउटरच्या पानावर जो अ‍ॅडमिन दिसतो तो तुमच्यासाठी असतो. कंपनीला फायबरच्या डब्याशी बोलायचं असेल तर तिचे मार्ग वेगळे आहेत. एक मार्ग फायबरमधूनच जातो, कंपनीचं उपकरण तुमच्या डब्याला थेट हुकूम देतं, त्यात वेबपान नाही आणि तुमचा पासवर्डही नाही. दुसरा टीआर-०६९, हा २००४ पासूनचा प्रकार आहे, यात तुमचा डबाच ठराविक वेळाने कंपनीच्या सर्व्हरला फोन लावतो, बाबा माझ्यासाठी काही काम आहे का, आणि त्याची ओळखपाळख वेगळ्या युजर-पासवर्डने होते. तुम्ही तुमचा अ‍ॅडमिन बदलून काहीही ठेवा, या दोन्हीला धक्का लागत नाही. लोकल फायबरवाल्यांकडे कधीकधी यातलं काहीच नसतं, पोरगा बाईकवरून येतो आणि तुमच्यासमोर बसून लॉगिन करतो. मग त्याला पासवर्ड टाईप करून द्या, तो गेल्यावर पुन्हा बदला. झालं.

आणि हा काही माझ्या एकटीचा शब्द नाही. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या कर्नाटक सर्कलमध्ये ब्रॉडबँड मोडेमवर मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, आलं होतं. सुरुवातीच्या बातम्यांमध्ये सुमारे २००० मोडेमचा आकडा होता. कुठले मोडेम सापडले? ज्यांचा पासवर्ड ग्राहकांनी कधी बदललाच नव्हता, अ‍ॅडमिनचा अ‍ॅडमिनच राहिला होता, ते. मालवेअरने आत जाऊन पासवर्ड बदलून टाकला आणि मोडेम लॉगिनच होईनात. कंपनीचं मुख्य नेटवर्क, बिलिंग, सगळं ठीक होतं, मार खाल्ला तो लोकांच्या घरातल्या डब्यांनी. आणि तेव्हा बीएसएनएलने ग्राहकांना काय सांगितलं? डिफॉल्ट पासवर्ड बदला. कंपनी स्वतः बदला म्हणून सांगतेय, आणि या मेसेजमधला टेलिकॉममधला माणूस कंपनीचंच नाव पुढे करून बदलू नका म्हणतोय. कनेक्शन पासवर्ड बदलल्याने बंद पडलं नाही, न बदलल्याने पडलं. फॉरवर्ड करणाऱ्या प्रत्येकाला एवढं एकच उदाहरण दाखवा, बाकी काही बोलायची गरज नाही.

२०१६ चं मिराई नावाचं मालवेअर तर त्याच्याही आधीचं. त्याच्या आत साधारण ६० युजर-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती, रूट, सपोर्ट, अ‍ॅडमिन वगैरे, आणि तेवढ्या जोरावर त्याने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. मामांच्या लॉगमध्ये जो क्रम दिसला तो याच जातीचा. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून तर सगळ्या डब्यांना एकच डिफॉल्ट पासवर्ड देऊन माल विकायला कायद्यानेच बंदी आहे.

आता अर्धसत्य. कंपनीला तुमच्या डब्यात यायला एक दार असतं हे खरं आहे, आणि ते दार नीट सांभाळलं नाही तर कंपनीच्या चुकीनेही गोंधळ होतो. २७ नोव्हेंबर २०१६ ला जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं नेट, फोन, टीव्ही कोलमडलं, कारण ७५४७ हा पोर्ट, म्हणजे राउटरचं एक नंबर दिलेलं दार, जो खरं तर फक्त कंपनीच्या सर्व्हरसाठी असायला हवा, तो सगळ्या जगाला उघडा होता. तिथले राउटर हल्लेखोराच्या ताब्यात गेलेही नाहीत, नुसत्या ठोठावण्यानेच आडवे झाले. म्हणजे ज्या दाराची काळजी घ्यायला कंपनीत पगारी माणसं आहेत ते उघडं राहिलं तर ही गत, आणि हा मेसेज तुम्हाला सांगतोय की घरचं दार उघडा आणि किल्ली दारालाच लटकवून ठेवा!

कंपनीचे इंजिनिअर अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन टाकून आत येतात, हे वाचून माझं डोकं खरंच फिरलं. मी काल रात्री एका जिल्ह्याच्या गावातल्या ओएलटीमध्ये शिरले, ओएलटी म्हणजे ज्यातून शेकडो घरांचे फायबर निघतात तो डबा. आधी व्हीपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कमध्ये जायचा बंदिस्त रस्ता, त्याला मोबाईलवरचा सहा आकडी कोड. मग एक मधला सर्व्हर, कारण माझ्या लॅपटॉपवरून थेट ओएलटीला हात लावताच येत नाही. तिथून माझ्या स्वतःच्या नावाच्या आयडीने लॉगिन, आणि त्या आयडीला काय बघता येईल, काय बदलता येईल हे ठरलेलं. मी टाईप केलेली प्रत्येक ओळ वेळेसकट साठवली जाते. काही बदलायचं असेल तर मंजुरीचा नंबर लागतो, वेळ मध्यरात्रीनंतरची. जिथे सोय असेल तिथे आधी टायमर लावून ठेवते की १० मिनिटांत मी कन्फर्म केलं नाही तर सगळं आपोआप पूर्वीसारखं व्हावं, कारण दुरून काम करताना एक चुकीची ओळ टाकली की आपलाच रस्ता तुटतो आणि मग कुणाला तरी रात्री तीनला गाडी काढून त्या गावाला जावं लागतं. माझ्या ओळखीच्या एका पोराने पावसात तसा घाट ओलांडलाय. इतकं सगळं करून आम्ही आत जातो.

एनीडेस्कचा मुद्दा दोन ओळीत. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने याच अ‍ॅपवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. तुमचा राउटर तपासायला तुमच्या मोबाईलची स्क्रीन कुणालाही लागत नाही. जो कोड मागतोय त्याला राउटरशी घेणं नाही, त्याला तुमचे ओटीपी बघायचेत.

ज्यांनी मेसेजप्रमाणे केलंय त्यांनी आजच बसा. आधी फायबरवाल्याकडून पीपीपीओईचा, म्हणजे नेट जोडायला लागणारा, युजर आणि पासवर्ड मागून घ्या आणि वॅनच्या पानाचे फोटो काढा, कारण रिसेट केल्यावर हे सगळं पुसलं जातं आणि नेट खरंच बंद पडतं, तुम्ही ते परत भरेपर्यंत. मग पिन टोचून फॅक्टरी रिसेट. नुसतं रिमोट मॅनेजमेंट बंद करून भागत नाही, आत येऊन कुणी काय बदललंय ते तुम्हाला कळणार नाही. रिसेटनंतर पहिलं काम अ‍ॅडमिनचा पासवर्ड, वायफायचा वेगळा, फायरवॉल चालू, डीएमझेड (आतलं एखादं उपकरण बाहेर उघडं ठेवणारं सेटिंग) रिकामं, टेलनेट (दुरून लॉगिन करायचा जुना मार्ग) बंद, फर्मवेअर म्हणजे राउटरचं आतलं सॉफ्टवेअर नवीन असेल तर टाका. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरचा, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्याचा, पासवर्डही बदला, तोही बहुतेक अ‍ॅडमिनच असतो.

मामांकडे बुधवारी सकाळी फायबरवाल्याचा पोरगा आला, त्याने पीपीपीओई भरून दिलं. मी फोनवर होते, म्हटलं आलायस तर ऑप्टिकल पॉवरचं पान उघड. रिसीव्ह पॉवर, म्हणजे डब्यापर्यंत पोचणारा प्रकाश, उणे २८ डीबीएम. असल्या डब्यांची मर्यादाच साधारण उणे २७ ची, त्याच्या खाली गेलं की नेट अडखळायला लागतं. मामांना कपाट सरकवायला लावलं तर मागे पिवळी वायर भिंतीत आणि कपाटात चेपून पार दुमडलेली, दिवाळीत रंग दिल्यापासून. सरळ केली, मोठं वेटोळं करून खिळ्याला अडकवली, पान रिफ्रेश केलं, उणे २१. ज्या स्पीडसाठी मामांनी एवढं सगळं केलं तो कपाटामागे अडकला होता.

नवीन पासवर्ड मामांनी दुकानाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिलाय, राउटरवर चिकटवलेला नाही हे मी व्हिडिओवर बघून घेतलं. तुमच्यापैकी कुणाला सेटिंग सापडत नसेल तर डब्याखालच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर मला कळवा, रविवारी बसून एकेकाला सांगते. फक्त स्टिकरचा अख्खा फोटो टाकू नका, त्यावर पासवर्ड छापलेला असतो.