चौथ्या मजल्यावरचे बॅटरीतज्ज्ञ

सोसायटीच्या नोटीस बोर्डावर टाकी धुण्याची तारीख आणि ‘घरगुती डबा मिळेल’ यांच्या मधोमध सध्या एक कागद डकवलेला आहे. ‘काही सभासद कॉमन मीटरवरून खासगी वाहन चार्ज करत असल्याचे निदर्शनास आले आहे. ही वीजचोरी समजण्यात येईल.’ खाली शिक्का. ‘काही सभासद’ म्हणजे मी एकटी. आणि वाहन डिझेलवर चालतं.

हे शेवटचं वाक्य मी त्या कागदाखाली पेनाने लिहूनही आले होते. दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्यावर व्हाइटनर फिरवलेला दिसला.

वाहन म्हणजे आमची कॅराव्हॅन. सेकंडहँड ट्रॅव्हलर घेऊन आतून तिचं घर केलंय. दोन बर्थ, ओटा, छोटा फ्रिज, छतावर सोलर. कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली आहे: पडदे, कुशन आणि मसाल्याचे डबे नवऱ्याकडे, टायर, इंजिन, बॅटऱ्या माझ्याकडे. तो बँकेतून निवृत्त झाला, मी सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. आम्हा दोघांना यात काही विशेष वाटत नाही. बाकी सगळ्या इंदिरानगरला वाटतं.

तर जानेवारी. पेपरात रोज निफाडचा पारा पहिल्या पानावर. भंडारदऱ्याला जायचं ठरलं, सामान भरलं, किल्ली फिरवली आणि सेल्फने ‘टक्’ एवढाच आवाज केला. बॅटरी उतरलेली. दीड-दोन महिने गाडी जागची हलली नव्हती, त्यात थंडी. मी घरून चार्जर आणला, वॉचमनच्या केबिनमधल्या सॉकेटला लावला आणि चिमटे टर्मिनलला जोडून उभी राहिले. तेवढ्यात खजिनदार आले. काखेत डायरी.

“वहिनी, मिस्टर आहेत का घरी?”

“आहेत. का?”

“नाही, हे चार्जिंगचं जरा बोलायचं होतं.”

“बोला ना, भाऊसाहेब. वायर मीच लावलीये.”

ते हसले आणि मान वर करून चौथ्या मजल्याकडे बघू लागले. नवरा बाल्कनीत तुळशीला पाणी घालत होता.

“साहेब! किती युनिट खाते ही?”

“काय?”

“गाडी! युनिट!”

“तिला विचारा!”

खजिनदार माझ्याकडे वळले. “साहेब म्हणतात, तुम्हाला विचारा.”

“मग विचारा.”

“नको, येऊ द्या त्यांना खाली.”

मी न विचारताच सांगितलं. चार्जर पाच अँपिअरचा, व्होल्टेज चौदाच्या आसपास, म्हणजे सत्तर वॅट. चार्जर स्वतः थोडं खातो ते धरून नव्वद म्हणा. संध्याकाळी लावून सकाळी काढला तर साधारण एक युनिट. बॅटरी भरत आली की तेवढंही नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग पुन्हा मान वर.

“साहेब! वहिनी म्हणतात, एक युनिट! बरोबर आहे का?”

“कसलं एक युनिट?”

“रात्रीचं!”

“ती म्हणते तर असेल!”

“‘असेल’वर हिशेब लिहिता येत नाही, साहेब!”

नवरा आत गेला. डायरी उघडली. बी विंगमधली एक इलेक्ट्रिक स्कूटर रात्रीत तीन युनिट खाते, हे खजिनदारांनी स्वतः मीटर लावून बघितलेलं आहे. तेवढा एकच पुरावा हाताशी होता आणि तो त्यांनी पुरवून वापरला. आधी चपलेला चपला लावत ते गाडीच्या शेजारून चालत गेले. लांबी चार स्कूटर. मग मागून रुंदी मोजली: हँडलसकट तीन स्कूटर. मग ते दोन पावलं मागे सरकले आणि डोळे बारीक करून छताकडे बघत म्हणाले, “उंचीला दोन धरू.”

“उंची कशाला धरता?”

“आत घर आहे ना!”

चार त्रिक बारा, बार दुणे चोवीस. चोवीस स्कूटर, प्रत्येकी तीन युनिट, रात्रीचे बहात्तर. दहा रुपयांनी सातशे वीस. महिन्याचे एकवीस हजार सहाशे. हा आकडा त्यांनी डायरीत लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि डायरी माझ्यापुढे न धरता रिकाम्या बाल्कनीच्या दिशेने उंच धरली.

“भाऊसाहेब, ही गाडी डिझेलवर चालते.”

“मग चार्ज कशाला करता?”

“स्टार्ट व्हायला.”

“पण वर सोलर आहे!”

हा प्रश्न मला अख्ख्या नाशिकने विचारून झालाय. या गाडीत बॅटऱ्या दोन असतात, आणि त्या वाटण्या झालेल्या सख्ख्या भावांसारख्या राहतात. सोलर भरतं ते घराच्या बॅटरीला, म्हणजे दिवे, पंखा, फ्रिज. सेल्फची बॅटरी वेगळी. इंजिन चालू असलं की मधला रिले, म्हणजे आपोआप लागणारा-सुटणारा स्विच, दोघींना जोडतो आणि इंजिनावर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर दोघींना भरतो. इंजिन बंद झालं की रिले सुटतो, कारण रात्रभर फ्रिज चालवून सकाळी सेल्फलाच करंट नाही, असं व्हायला नको. योजना चांगली आहे. फक्त गाडी महिनाभर उभी राहिली तर सेल्फच्या बॅटरीकडे कोणी बघत नाही. उलट अलार्म, जीपीएस, टेपचं घड्याळ आणि इंजिनाचा कंप्युटर तिच्यातूनच घोट घोट पीत राहतात. सगळे मिळून ५० मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात. बॅटरी १०० ची असेल तर महिन्याला ३६ गेले, आणि बॅटरी आपली आपण थोडी उतरते ते वेगळं. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली गेली की समजायचं, संपली. तशीच पडू दिली तर प्लेटांवर सल्फेट धरतं, ते कडक होतं, आणि मग नवी बॅटरी. तेव्हा आत फ्रिजमध्ये ताक गार आहे, दिवे झगझगीत आहेत, मोबाइल चार्ज होतोय आणि गाडी जागची हलत नाही, हे अगदी शक्य आहे.

हे सगळं मी सांगितलं. खजिनदार म्हणाले, “साहेबांना एकदा हेच मला समजावायला सांगा.”

एक इतिहास मला त्यांना ऐकवायचा होता, राहून गेला. पूर्वी मोटारी हँडल मारून चालू करायच्या. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने विजेचा सेल्फ बनवला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅकमध्ये तो आला. त्यानंतरच्या जाहिरातींमध्ये ठासून सांगत की आता बायकांनाही एकटीने गाडी चालू करता येईल. म्हणजे ज्या बॅटरीची एवढी चर्चा चालली होती तिचं कौतुक ज्यांचं नाव पुढे करून झालं, त्यांनाच शंभर वर्षांनी विचारायचं, मिस्टर आहेत का?

एव्हाना मॉर्निंग वॉकवाले जमले होते. “रोज दहा मिनिटं चालू ठेवत जा,” एकांनी सुचवलं. गार डिझेल इंजिन चालू करायला जो करंट जातो, इंजिनाचं आणि हीटरचं खाणं जातं, ते वजा करून आयडलिंगच्या दहा मिनिटांत बॅटरीत काय पडणार? धूर मात्र पहिल्या मजल्यावर जातो, आणि धुराची तक्रार याच गृहस्थांनी केलेली आहे. दुसऱ्यांनी जिमवाली पोरं गोळा केली. “धक्का मारू, काकू.” तीन टनांच्या वरची गाडी. शिवाय बॅटरी पार बसली असेल तर कंप्युटरच जागा होत नाही, मग पार गंगापूर धरणापर्यंत ढकला. पोरांनी तरी ढकलली. चार्जरची वायर ताणली गेली आणि वॉचमनच्या केबिनमधला टेबल-फॅन खाली आला.

भंडारदरा अर्थातच बारगळला. फ्रिजमधलं ताक वॉकवाल्यांना वाटलं.

आता जरा खरं बोलते. कारंजं आहे आमच्याकडे, बाप्पाच्या दहा दिवसांत संपूर्ण इमारतीला माळा असतात, कॉमन नळाला पाइप लावून रविवारी गाड्या धुतल्या जातात. कोणी युनिट मोजत नाही, आणि मोजावं असं माझंही म्हणणं नाही. गाडी मोठी म्हणून पार्किंगचा आकार मी दुप्पट भरते, तो वेळेवर भरते. त्या बदल्यात एक सॉकेट मागितला तर शिक्क्याचा कागद लागतो आणि त्यावर ‘चोरी’ असं लिहिलेलं असतं. मला हसू येतं ते नंतर. त्या सकाळी आलं नव्हतं.

मधे मी आमच्या बाल्कनीतून वायर खाली सोडून बघितली. तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंच्या वाळत घातलेल्या चादरीत ती अडकली, आणि त्या रागावल्या तेही बरोबरच होतं. शेवटी कमिटीने सबमीटर मंजूर केला. मीटर, वायरिंग, कुलूपबंद पेटी, सगळा खर्च माझा. आता बॅटरी भरलेली आहे आणि चार्जर फ्लोटवर, जेमतेम साडेतेरा व्होल्ट राखून बसलेला. परवा पहिलं बिल आलं: सात युनिट, सत्तर रुपये. सोबत पावती. पावतीवर नवऱ्याचं नाव.

“भाऊसाहेब, फ्लॅटच्या करारात पहिलं नाव माझं आहे. गाडीही माझ्या नावावर. पैसे मीच दिले.”

“ते खरं आहे, वहिनी. पण सॉफ्टवेअरमध्ये मिस्टरच येतं.”

मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं की बी विंगच्या स्कूटरचं बिल इतकं कसं येतं, ते साहेब एकदा येऊन बघतील का.