दीड फूट उंच वाफा आणि मे महिन्यातली मिरची

फेब्रुवारी सरत आला की कॉलनीच्या आणि गावाकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचं सार असं: चार बाय आठ फुटांचा, दीड फूट उंच वाफा बांधा. माती न घालता नुसतं शेणखत आणि गांडूळखत भरा. वरून अंड्याची टरफलं चुरून टाका, म्हणजे कॅल्शियम मिळून मिरचीचं बूड काळं पडणार नाही, आणि मिरची लावा. फुलं गळाली तर खत वाढवा. "मिरची उष्ण प्रदेशातली, तिला ऊन लागतंच. उंच वाफ्यात मुळं थंड राहतात, पाणी निम्मं लागतं, मे महिन्यातसुद्धा झाड लगडून जातं." सोबत हिरव्यागार झाडाचा फोटो. फोटोत मागं धुकं दिसतंय, तिकडं कोणाचं लक्ष नसतं.

यातलं सगळंच खोटं आहे असं नाही. पण हा सल्ला जिथला आहे तिथं वसंतात जमीन गारठलेली असते, वर पाणी साचून राहतं. उंच वाफा लवकर तापतो आणि पाणी काढून देतो, म्हणून तिकडची माणसं तो बांधतात. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. आपल्याला जमीन आणखी तापवून काय करायचंय?

"मुळं थंड राहतात" हे तर साफ उलटं आहे. हिशेब करून बघा. चार बाय आठ म्हणजे वरचा भाग ३२ चौरस फूट. चारी बाजूंची लांबी २४ फूट, उंची दीड फूट, म्हणजे बाजूंचाच भाग ३६ चौरस फूट झाला. सपाट जमिनीत मुळांवर ऊन फक्त वरून येतं. इथं वरच्यापेक्षा जास्त जागा तुम्ही बाजूनं उघडी करून दिली. त्यात पश्चिमेची बाजू दुपारी दोनपासून दिवस मावळेपर्यंत भाजत राहते. मिरचीची बरीचशी मुळं वरच्या फूटभरातच पसरतात, त्यामुळं कडेच्या रोपांना पळायला जागा नसते. वाफा पत्र्याचा असेल तर संध्याकाळी चार वाजता पत्र्याला लागून बोट मातीत खुपसून बघा, आणि मग तेच बोट शेजारच्या जमिनीत तेवढंच खोल खुपसा. पुढं काही सांगावं लागणार नाही.

"पाणी निम्मं लागतं" हा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं आणि हा मेसेज त्याच लातुरातही फिरतो. मे महिन्यात आपल्याकडं उघड्या भांड्यातून दिवसाला १० मिलिमीटरच्या पुढं पाणी उडून जातं. १ मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला १ लिटर. वाफा जितका उंच तितका तो लवकर निथळतो आणि बाजूंनीही वाळतो, मग पाणी निम्मं कुठून लागणार?

कोणी शहाणपणानं खताऐवजी काळी माती भरली असेल तर वेगळीच गंमत होते. आपली काळी माती वाळली की आकसते. वाफ्यात ती विटेपासून सुटते आणि कडेनं बोटभर फट पडते. वरून बादली ओतली की पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरून बुडातून बाहेर येतं. खालची फरशी ओली झालेली पाहून मालक खूश, आणि मधला गड्डा खणून पाहिला तर कोरडा ठक्क. अशा वाफ्याला पाणी थोडंथोडं, थांबून थांबून द्यावं लागतं. ठिबक असेल तर उत्तम, नाहीतर सच्छिद्र मडकं पुरून ठेवावं. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर आणखी एक भानगड. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात आणि वर पांढरी पापडी धरते. मिरची क्षाराच्या बाबतीत नाजूक आहे, पानांच्या कडा करपायला लागतात.

आता "मिरचीला ऊन लागतंच". लागतं, पण कुठपर्यंत? मिरची मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडं आली. ऊबदार हवेतलं पीक आहे, भट्टीतलं नव्हे. दिवसा २० ते ३० अंशांत ती खुशीत असते. पारा ३५ च्या वर गेला की परागकणांत दम राहत नाही. फूल उमलतं, फळ धरत नाही आणि देठासकट गळून पडतं. रात्री गार नसतील तर अजूनच वाईट. ढोबळी मिरचीचे हाल तर तिखट मिरचीहून जास्त होतात, आणि पानांचं छत्र विरळ असेल तर फळांवर पश्चिमेच्या बाजूनं पांढरट, कागदासारखे चट्टे पडतात. तो रोग नाही, ऊन लागलंय. अशा वेळी मेसेज सांगतो, फुलं गळतात म्हणजे खत कमी पडलं, अजून घाला. नत्र वाढवलं की पाला माजतो आणि पाणी आणखी मागतो, फूल मात्र गळायचं ते गळतंच. तिथं खताचं काहीच काम नाही, काम आहे सावलीचं. ५० टक्क्यांची जाळी, नाहीतर पश्चिमेला तुराट्यांचा कूड.

टरफलांचं सांगतो. मिरचीचं बूड काळं पडून खचतं ते कॅल्शियम कमी पडल्यानं, इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण कमी पडतं ते फळात. आपल्या जमिनी आधीच चुनखडीच्या. शेतात नांगरताना वर येणारा पांढरा खडा घ्या, त्यावर लिंबू पिळा, फसफसेल. तो कॅल्शियमच आहे. झाडाला तो पाण्यातूनच वर नेता येतो, आणि पाणी एक दिवस तुडुंब, तीन दिवस कोरडं असं झालं की फळापर्यंत पोचत नाही. म्हणजे दोष पुन्हा पाण्याच्या पाळीचाच. वर टरफलं आपल्या अशा जमिनीत विरघळायला वर्षानुवर्षं घेतात. चुनखडीत खरी टंचाई पडते ती लोहाची. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर कारण ते. तिथं चुना वाढवणारी वस्तू टाकणं म्हणजे उलटा इलाज.

नुसतं खत भरण्याबद्दल फार बोलायला नको. खत बसतं, दोन पावसात वाफा चार बोटं खाली जातो, रोपांच्या माना उघड्या पडतात. शेणखत कच्चं असेल तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, फुकट. निम्म्याहून जास्त माती हवीच.

यावर एक रास्त प्रश्न येतो: मग भोकरदन-सिल्लोडकडचे शेतकरी एप्रिल-मेमध्येच बेडवर मिरची लावतात, ते खुळे आहेत का? नाहीत. त्यांचा बेड वीतभर उंच आणि रुंद असतो, वर चंदेरी मल्चिंग पेपर आणि आत ठिबक. मातीतून उडणारं पाणी तिथंच अडतं, आणि चंदेरी चकाकीनं फुलकिडे, पांढरी माशी थोडी बिचकते, म्हणजे या किडींमुळं पानं आकसण्याचा रोग, चुरडामुरडा, तोही थोडा लांबतो. मुख्य म्हणजे ते मे महिन्यात मिरची तोडण्यासाठी लावत नाहीत. उन्हाळ्यात झाड जगवायचं, पावसाबरोबर फळ धरायचं, असा त्यांचा बेत असतो. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात हिरव्या मिरचीच्या गाड्या लागतात त्या पाऊस सुरू झाल्यावर. आणि बेडचा खरा उपयोगही तेव्हाच. जुलै-ऑगस्टच्या झडीत काळ्या रानात पाणी तुंबलं की मूळ कुजतं, उभं झाड एका दिवसात माना टाकतं. तिथं उंची वाचवते.

म्हणून घराच्या परसात फेब्रुवारीत लावायची असेल तर वाफा जमिनीला समतल ठेवा, नाहीतर दोन बोटं खोलगटच करा, म्हणजे घातलेलं पाणी जागेवर राहील. सोयाबीनचं भुसकट किंवा उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून लगेच पाइप धरू नका. दिवस मावळल्यावर बघा. तेव्हाही मलूल असतील तरच पाणी द्या. रोहिण्या लागल्या की बाजूची माती ओढून वरंबा चढवा.

ज्यांनी विटा आणून वाफा बांधूनच टाकलाय त्यांनी तो पाडायची गरज नाही. बाहेरून पश्चिम आणि दक्षिण बाजूला विटांच्या वरच्या थरापर्यंत माती लोटून उतार करा. तिथं जागा नसेल तर कडब्याच्या पेंढ्या उभ्या लावा. कडेच्या वीतभर पट्ट्यात मिरची न लावता चवळी किंवा गवार टोका, मिरची मधल्या दोन ओळींतच ठेवा.