ग्रेडिंगच्या डबीमुळे नाण्याची मालकी-परंपरा सिद्ध होत नाही

जळगाव-धुळ्याच्या नाणेसंग्राहकांमध्ये सध्या असा संदेश फिरत आहे की, बुऱ्हाणपूर टांकसाळीचा मुघल रुपया एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून प्रतवारी (ग्रेडिंग) देणाऱ्या अमेरिकी संस्थांच्या सीलबंद डबीत असला, की त्याच्या पूर्वीच्या मालकीचाही पुरावा मिळाला. हे खरे नाही. या संस्था नाण्याचा अस्सलपणा तपासतात आणि 1 ते 70 या मापावर त्याची स्थिती ठरवतात. नाणे कोणाकोणाच्या हातून आले, हे जुन्या लिलावाची सूची, पावती आणि छायाचित्रे यांवरूनच कळते. बनावट डब्याही विकल्या जात असल्यामुळे लेबलावरील क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळावा, आणि तेथे छायाचित्र असल्यास सराफांनी मारलेल्या खुणा, काठावर अर्धवट उमटलेली अक्षरे एकेक करून जुळवावीत. शेतात सापडलेल्या नाण्यांना तर 1878 चा निखात निधी (जमिनीत पुरलेले धन) कायदा लागू होतो, आणि त्यातून कोणतीही डबी सुटका करत नाही. तो संदेश कृपया पुढे पाठवू नये.