कार्गिल्स अमेरिकेची नाही हो! लंकेवरच्या त्या फॉरवर्डबद्दल थोडं

श्रीलंकेवरचा एक फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. सार असं, की तिकडे जागोजागी दिसणारं 'कार्गिल्स फूड सिटी' हे सुपरमार्केट म्हणजे अमेरिकेच्या कार्गिल कंपनीचं पिल्लू, परदेशी पैशावर ते एवढं फोफावलं, त्याने शेतकरी लुटला, छोटी दुकानं संपवली आणि २०२२ ला लंकेवर उपाशी मरायची वेळ आली तीही त्याच्यामुळेच म्हणे. खाली नेहमीप्रमाणे 'दहा जणांना पाठवा'. पाठवण्याआधी एकेक बघू.

अमेरिकन कार्गिल ही १८६५ ची, आयोवामध्ये धान्याच्या गोदामापासून सुरू झालेली, आपल्याकडे जेमिनी तेल विकते तीच. तिच्यावर कुणाचा राग असेल तर समजू शकतं, १९९३ मध्ये कर्नाटकातल्या शेतकऱ्यांनी बेल्लारीला तिच्या बियाण्यांच्या युनिटवर जाऊन तोडफोड केली होती आणि कांडल्याचा मिठाचा प्रकल्पही तिला विरोधामुळे सोडावा लागला. पण कोलंबोवाली कार्गिल्स तिच्याहून २१ वर्षांनी मोठी, १८४४ ची, स्कॉटिश व्यापाऱ्यांची. जिच्या नावात ज्याचं आडनाव आहे तो डेव्हिड साइम कार्गिल पुढे बर्मा ऑइल काढून बसला. दोघांचा संबंध आडनावापुरता. जोशी म्हटलं की सगळे एकाच घरातले असतात का?

आता परदेशी पैसा. कंपनी मुळात साहेबाची होती हे खरंच आहे, कोलंबोच्या फोर्ट भागातली तिची लाल इमारत आजही लोक फोटो काढायला जातात. पण १९८१ मध्ये ती विकत घेतली सिलोन थिएटर्सने, म्हणजे चित्तंपलम गार्डिनर यांनी १९२८ ला काढलेली सिनेमावाली कंपनी, पूर्ण लंकेतली. तेव्हापासून कारभार पेज कुटुंबाकडे, बहुतांश मालकी याच समूहाकडे आणि शेअर कोलंबोच्या बाजारात. पहिलं फूड सिटी १९८३ मध्ये कोलंबोच्या स्टेपल्स स्ट्रीटला उघडलं. तिथून आता पाचशेच्या आसपास दुकानं झालीत, म्हणजे चाळीस वर्षं लागली, हे काय एका रात्रीत कुणी परदेशातून येऊन पैसा ओतल्याचं लक्षण नाही. उलट २००२ ला यांनीच युनिलिव्हरचा तिथला आइस्क्रीमचा प्लान्ट घेतला आणि 'मॅजिक' नावाने आइस्क्रीम विकायला लागले. हां, लंकेत केएफसी यांनीच आणलं, १९९६ ला, तो अमेरिकन मसाला हवा तर धरा.

छोटी दुकानं संपली म्हणणाऱ्याने लंकेतल्या कुठल्याही गावात जाऊन यावं. त्यांना तिकडे 'कडे' म्हणतात, आठवडी बाजाराला 'पोळ', आणि लोकांची बरीचशी रोजची खरेदी अजून तिथेच होते. कारण साधं आहे, कडेवाला उधार देतो, वहीत लिहून ठेवतो. फूड सिटीच्या काउंटरवर वही नसते. आणि स्पर्धा म्हणाल तर कील्स आहे, आर्पिको आहे, सरकारी सथोसा आहे, मोकळं रान कुणालाच नाही.

२०२२ चं खापर तर कुणावरही फोडा, सुपरमार्केटवर नको. परकीय चलन संपलं होतं, एप्रिलमध्ये देशाने परदेशी कर्ज फेडणं थांबवलं, इंधनाला दिवसदिवस रांगा. त्याआधी २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात अचानक बंद केली, नोव्हेंबरात माघार घेतली पण तोवर भाताचं व्हायचं ते नुकसान झालं. सप्टेंबर २०२२ ला कोलंबोत खाद्यपदार्थांची महागाई ९५ टक्क्यांच्या जवळ गेली होती. ट्रकला डिझेल नाही तर भाजी कुठल्याच दुकानात येत नाही, कडेमध्येही नाही आणि एसीवाल्यातही नाही.

शेतकऱ्याचं मुद्दाम मागे ठेवलं कारण खरं बोलण्यासारखं तेच आहे. तिकडचा भाजीपाला पूर्वीपासून असा जातो, गावातला गोळा करणारा, मग दांबुल्लाचा घाऊक बाजार किंवा कोलंबोचं मॅनिंग मार्केट, मग किरकोळ विक्रेता, आणि वाटेत कमिशन, वजनात कडता, माल पोत्यात ठासून पोत्यावर पोतं. काढणीनंतर ३० ते ४० टक्के भाजी-फळं वाया जातात हा तिकडचा नेहमीचा अंदाज. १९९९ मध्ये कार्गिल्सने डोंगराळ भागातल्या हंगुरांकेतला थेट शेतकऱ्याकडून खरेदी सुरू केली. गावाजवळ केंद्र, वजन तिथल्या तिथे, माल प्लास्टिकच्या क्रेटमध्ये, मधला दलाल गायब. यात दानधर्म काही नाही, वाटेत कमी सडलं की शेतकऱ्याला चार पैसे जास्त देऊनही गिऱ्हाइकाला स्वस्त विकता येतं, सगळी गंमत त्या क्रेटमध्ये आहे. आपल्याकडे २०१६ ला फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला आणि आडत खरेदीदारावर टाकली तेव्हा व्यापाऱ्यांनी केवढा गदारोळ केला होता आठवतंय ना? मधली साखळी तोडणं म्हणजे काय ते त्यावरून कळेल.

मग सगळं आलबेल आहे का, तर नाही. सुपरमार्केट निवडून माल घेतं, वाकडं-डागाळलेलं परत, आणि त्या दिवसाची गरज भरली की चांगला मालही नको असतो. तो सगळा शेवटी दांबुल्लालाच जातो, तिथल्या दराने. शिवाय केंद्र ज्याच्या गावापासून लांब त्याला या सगळ्याचा उपयोग शून्य. कंपनीला धरायचं असेल तर यावर धरा, नाकारलेल्या मालाचं काय करता आणि आणखी किती गावांत केंद्रं काढणार ते विचारा.