पाचवा अंक गिळला कुणी?

जळगावात वाचनालयात नाटकाचं अभिवाचन म्हटलं की मी सहाच्या ठोक्याला हजर. आणि दरवेळी तेच! दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मग पाहुण्यांचं न संपणारं मनोगत. सात वाजून जातात, नट बिचारे संहिता धरून कोपऱ्यात उभे. दिवसभर नोकरी करून रात्री तालमी केलेली माणसं हो ही!

परवा राम गणेश गडकरींचं ‘एकच प्याला’ होतं. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले, नाटक रंगभूमीवर आलं त्यानंतर. त्यांना ते बघायलाही मिळालं नाही. आणि आम्ही? नायिका सिंधूची भूमिका वाचणाऱ्या मुलीच्या हातात चिठ्ठी सरकवली, ‘आवरतं घ्या’. पाचवा अंक गाळला! पेन्सिलच्या खुणांनी भरलेली पानं तिने मुकाट्याने मिटली.

अहो, कापायचेच तर सत्कार कापा ना!