भर उन्हात शूटिंग करा म्हणणाऱ्यांसाठी

लगीनसराई तोंडावर आली की शूटिंगवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो: ‘मराठवाड्यात ऊन फुकट आहे, लाइटवर पैसे घालू नका. दुपारी बाराला शूट करा, सूर्य आपल्या पाठीशी ठेवा. घरात कॅमेऱ्यावरचा एलईडी पुरे. राहिलेलं एडिटिंगमध्ये निघतं.’ महागडे लाइट लागत नाहीत, एवढं मला मान्य. बाकीच्या सल्ल्यानं निघालेले व्हिडिओ अंबाजोगाईपासून किनवटपर्यंत बघायला मिळतात. टोपी पांढरीफटक, नाकाखाली काळी पट्टी, डोळ्यांच्या जागी खोबण्या.

बाराचं ऊन आधी घेऊ. लातूर-नांदेडकडं मेच्या मध्यावर दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. उजेड भरपूर, पण सगळा वरून. भुवईची सावली डोळ्यांवर पडते, नाकाची ओठांवर. त्यात आपली काळी माती. चुन्याच्या भिंतीवरून किंवा पांढऱ्या फरशीवरून उजेड उसळून हनुवटीखाली शिरतो, नांगरलेलं काळं रान तो गिळून टाकतं. त्यामुळं रानात उभा केलेला शेतकरी त्याच उन्हात बीबी का मकबऱ्याच्या पांढऱ्या भिंतीजवळ उभ्या माणसापेक्षा जास्त काळवंडलेला दिसतो. कॅमेरा तोच असला तरी.

डिसेंबरच्या उत्तरार्धात मात्र नांदेडला भर दुपारीही सूर्य 47-48 अंशांच्या वर चढत नाही, आणि मुलाखतीत मुख्य लाइट साधारण तेवढ्याच उंचीवरून टाकतात. हिवाळ्यापुरती मेसेजवाल्याची बाजू इतकी लंगडी नाही. पण एप्रिल-मेच्या तिथी धरणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

‘सूर्य पाठीशी’ म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत सूर्य. तो डोळे बारीक करून बोलतो, चेहरा सपाट दिसतो आणि संध्याकाळी आपलीच लांब सावली फ्रेममध्ये येते. उलटं करून बघा. ऊन त्याच्या खांद्यामागून येऊ द्या आणि समोरून थर्माकोलची पांढरी शीट धरा. शीट नसली तर धुतलेलं धोतर दोघांनी ताणून धरावं. फेट्याला उजेडाची कड येते आणि डोळे उघडे राहतात.

याहूनही सोपी जागा म्हणजे माळवदाच्या जुन्या घराची ढाळज, म्हणजे दारालगतची छपराखालची बसायची जागा. माणूस उंबऱ्याच्या दोन हात आत बसवायचा, तोंड अंगणाकडं. अख्खं दार सॉफ्टबॉक्सचं, म्हणजे लाइटचा उजेड मऊ करणाऱ्या कापडी पेटीचं काम करतं. उजेड येतो ती जागा माणसाच्या मानानं जेवढी मोठी आणि जवळची, तेवढ्या सावलीच्या कडा मऊ. सूर्य प्रचंड खरा, पण इतका लांब की आकाशात त्याची रुंदी अर्धा अंशच भरते. म्हणून त्याची सावली अशी करकरीत.

कॅमेऱ्यावरच्या एलईडीचं दुखणं अंतराचं आहे. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो. हळदीत नवरी एक मीटरवर आणि आत्या दोन मीटरवर असल्या, तर नवरी पांढरी पडते आणि आत्याबाई अंधारात. (पुढं व्हिडिओ बघून रुसणार कोण, ते सांगायला नको.) तोच एलईडी काढून भिंतीकडं फिरवा, खोलीभर उजेड सारखा पसरतो. भिंत पांढरी हवी. पोपटी भिंतीवर आपटलेला उजेड पोपटीच होऊन येतो. लाइटपुढं बटर पेपर लावला तरी काम भागतं, फक्त हॅलोजनला चिकटवू नका, पेट घेईल.

राहिलं एडिटिंग. टोपी एकदा पूर्ण पांढरी उडाली की त्या जागी रेकॉर्डच झालेलं काही नसतं. उजेड कमी केला तर राखाडी डाग मिळतो, टोपीच्या घड्या नाही. मांडवाच्या गुलाबी कापडाखाली एका गालावर कापडाचा रंग आणि दुसऱ्यावर बाहेरचा उजेड असला, तर पहिला गाल सुधारताना दुसरा हिरवट होतो.

मंगल कार्यालयातल्या स्वस्त एलईडी माळांचं तर एडिटिंगमध्ये फार काही करताच येत नाही. आपली वीज 50 हर्ट्झची, तिच्यावर हे दिवे सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात. मोबाईल 30 फ्रेमवर (सेकंदाला 30 चित्रं), शटर 1/60 (दर चित्राला सेकंदाचा साठावा भाग उजेड) असेल, तर पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात. 25 फ्रेम आणि 1/50 शटर ठेवलं की बहुतेक वेळा ते जातात. ही सेटिंग वऱ्हाड जेवायला बसलेलं असतानाच करून ठेवायची, अक्षता पडू लागल्यावर मेनू शोधत बसायला वेळ मिळत नाही.