डावीकडून तिसरे

मी नोकरीत नक्की काय करतो, हे आईला गेली अकरा वर्षं समजावतोय. ‘जनसंपर्क अधिकारी’ म्हटलं की ती म्हणते, “घरी तर तू कुणाशी धड बोलत नाहीस.” बातम्या मी लिहितो म्हटलं, तर रोज चष्मा लावून पेपरात माझं नाव शोधते. सापडत नाही. शेवटी शेजारच्या काकूंना तिने “तो पेपरवाल्यांकडे असतो” असं सांगून टाकलंय. त्यामुळे काकू दर महिन्याला माझ्याकडे रद्दीचा भाव विचारतात.

मी एका शिक्षण संस्थेत आहे. संस्थेचं नाव सांगत नाही; ते छापून आणायचा मला पगार मिळतो, फुकट कशाला आणू? काम साधं आहे. अध्यक्षांना पेपरात आणायचं आणि वेळ आलीच तर संस्थेला पेपरात येऊ द्यायचं नाही. एरवी या दोन गोष्टींत चार-आठ दिवसांचं अंतर असतं. गेल्या जुलैत दोन्ही एकाच दुपारी कराव्या लागल्या.

निमित्त होतं ग्रंथालयाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाचं. आदल्या दिवशी मी प्रेसनोट लिहिली. कोण, काय, कुठे, कधी हे पहिल्या परिच्छेदात. जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापतो, म्हणून महत्त्वाचं वर लिहायचं, हा या धंद्यातला पहिला धडा. अध्यक्षांनी लाल पेनाने ग्रंथालय शेवटी नेलं आणि स्वतःला ‘शिक्षणमहर्षी’ करून वर आणून बसवलं. मग सचिव ‘कार्यतत्पर’ झाले. उपाध्यक्षांना ‘कार्यसम्राट’ हवं होतं. ते नगरसेवकांसाठी राखीव असतं असं सांगितल्यावर ते जे रुसले, ते फीत कापेपर्यंत. पुढे एका पेपराने ही नोट खरोखरच खालून कापली आणि आठ ओळींत एवढंच छापलं, की अमुक अमुक मान्यवर उपस्थित होते. कशाला, ते गुलदस्त्यात.

पण खरी कसोटी फोटो ओळीची. व्यासपीठावर अकरा माणसं, त्यांतली तीन आयत्या वेळी चढलेली, एक तर निवेदकालाही अनोळखी. ‘डावीकडून’ म्हणजे फोटो पाहणाऱ्याच्या डावीकडून, हे मी संस्थेत आजवर निदान वीस वेळा सांगितलंय. सचिव ऐकत नाहीत. “मी अध्यक्षांच्या डाव्या हाताला उभा होतो, आणि छापून येतं उजवीकडे. लोकांना वाटेल मी गट बदलला!” यावर एकदा मी ‘मध्यभागी अध्यक्ष व इतर मान्यवर’ अशी ओळ दिली होती. ‘इतर मान्यवर’ दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला माझ्या टेबलाभोवती उभे होते, डावीकडून उजवीकडे.

शिवाय फॉन्ट. एका दैनिकाला मजकूर युनिकोडमध्ये लागतो, दुसऱ्याला श्रीलिपीत. चुकून उलटसुलट गेला की शिक्षणमहर्षींच्या जागी नुसत्या खुणा आणि चौकोन उमटतात. वार्ताहराचा फोन येतो, “साहेब, हे काय संस्कृतात पाठवलंय?”

तर, पाऊस. अध्यक्षांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि नव्या इमारतीचं छत बरोबर कोश विभागावर गळायला लागलं. पहिला थेंब शब्दकोशावर पडला. शिपाईमामा जागेवर नव्हते, म्हणून मीच कोपऱ्यातली निळी बादली उचलली आणि धारेखाली धरून उभा राहिलो. आमच्या पदाच्या जाहिरातीत ‘आपत्कालीन संवाद कौशल्य’ असं लिहिलेलं होतं, ते हेच असावं.

अध्यक्ष कानाशी आले. “हे दाबा.”

बादली सांभाळत मी त्यांना आयव्ही ली सांगितला. १९०६ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचा भीषण अपघात झाला. ली रेल्वे कंपनीचा जनसंपर्क बघत होता. त्याने काही दडवलं नाही, कंपनीतर्फे स्वतःच पत्रक काढलं आणि पत्रकारांना जागेवर नेलं. आज जगभर निघणाऱ्या प्रेसनोटची ती आद्य प्रत मानतात. आपणच सांगितलं तर आपल्या शब्दांत येतं साहेब, नाहीतर दुसऱ्याच्या.

अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “हा ली आपल्या पत्रकारांच्या यादीत आहे का?”

“नाही, साहेब.”

“मग त्याला कशाला कळवताय?”

तरी मी जमलेल्या चारही वार्ताहरांना छत दाखवलं, ठेकेदार दुरुस्ती करून देणार असल्याचं सांगितलं, आणि उपमा गार होतोय हेही सांगितलं. तिघांनी नुसतंच उद्घाटन छापलं. चौथ्याने ‘पहिल्याच पावसात ज्ञानगंगा’ अशी चौकट टाकली, पण दुरुस्तीचं वाक्य शब्दशः घेतलं. माझ्या हिशेबी हा विजय. अध्यक्षांनी मात्र पट्टी आणून चौकटीची लांबी मोजली आणि एवढ्या जागेत जाहिरातीचे किती पैसे झाले असते, ते मला विचारलं.

६ जानेवारीला, बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ सुरू केलं त्या दिवशी, आम्ही पत्रकारांना डायरी आणि पेन देतो. २१ एप्रिलला राष्ट्रीय जनसंपर्क दिन असतो. तो कुणाला माहीत नसतो. त्याची प्रसिद्धी करायचं काम आमच्याकडेच आहे, म्हणून आपलं बोलत नाही.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी घरी आलो तर आई टेबलावर पेपर पसरून कात्रीने फोटो कापत होती. अकरा मान्यवर, डावीकडून, सगळे नावांसकट. फोटोच्या पार कडेला निळी बादली आणि तिला धरलेला मनगटापर्यंतचा एक हात.

“बाबांचं एचएमटी दिसलं, म्हणून ओळखलं,” ती म्हणाली. “काकूंना दाखवून येते. तेवढं तुझं नाव खाली पेनाने लिही.”